सुरमईच्या जुन्या डिस्क

आमच्या सर्व्हर रूमच्या एसीखाली एक निळी बादली असायची. थेंब थेंब पाणी पडायचं, कुणाचं लक्ष नसायचं, आणि एक दिवस बघावं तर बादली भरून पाणी दारापर्यंत आलेलं! आमच्या ऑफिसातल्या किश्शांचं अगदी तसंच आहे. रोज काही ना काही घडतं, आपण "चल, पुढचं काम बघ" म्हणतो, आणि मग कुणाच्या तरी सेंड-ऑफला बसलो की तीन तास बोलणं संपत नाही.

तर ही बादली एकदाची रिकामी करते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. अंधेरी ईस्टला एमआयडीसीत आमची चार जणांची टीम. हार्डवेअर बघायचे सावंत काका, राहायला दहिसरला, मूळचे मालवणचे, रिटायर व्हायला तीन महिने उरलेले. स्टोरेज बघायचा मेल्विन, गोराईचा, रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून येणारा. मॅनेजर लिमये साहेब, मुलुंडचे, चेकलिस्टशिवाय पाणीसुद्धा न पिणारे. आणि युनिक्स बघणारी मी, शलाका, घाटकोपरची. तोंडाने जरा फटकळ आहे, हे टीमचं मत. माझं मत वेगळं आहे, पण ते राहू दे.

आमचा क्लायंट म्हणजे पॅथॉलॉजी लॅबची एक साखळी. त्यांचे सगळे रक्ताचे रिपोर्ट आमच्याकडच्या एकाच म्हाताऱ्या युनिक्स सर्व्हरमधून निघायचे. त्याच्या पोटात दोन डिस्क. एकीचा दिवा नारिंगी झाला होता आणि दुसरी घरघरायला लागली होती. त्या मॉडेलच्या डिस्क बाजारात मिळेनात. मग ठरलं की सर्व्हरने स्वतःच्या डिस्कवरून सुरू व्हायचं सोडून द्यायचं. पलीकडच्या खोलीत स्टोरेजचं मोठं कपाट आहे, त्यातल्या डिस्कवरून, केबलमधून, सुरू व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं!

क्लायंटने एकच रविवार दिला. सकाळी दहा ते दुपारी चार. चारला रिपोर्ट निघाले नाहीत तर काम हैदराबादच्या टीमकडे आणि आमचं दुकान बंद.

मेल्विन म्हणाला, "आईला गोराईत एकटी टाकून मी हैदराबादला? विसर!"

सावंत काका म्हणाले, "माझा काय, मी गावाक जाईन. पण तुमची वाट लावून जायचा नाय मी."

मला रडू आलं होतं. मी ते दाखवलं नाही, उलट म्हटलं, "काका, डायलॉग नका मारू, केबल धरा."

*

सर्व्हरना नावं द्यायचा मान सावंत काकांचा. दुसरी ऑफिसं ग्रहांची नाहीतर नद्यांची नावं देतात. आमच्याकडे मासे! मोठा रिपोर्टवाला सर्व्हर म्हणजे सुरमई. त्याच मॉडेलचा, ट्रायलसाठी ठेवलेला दुसरा म्हणजे बांगडा. ही नावं एकदा सिस्टीममध्ये बसली की बदलणं फार कटकटीचं, त्यामुळे ती तशीच राहिली.

लिमये साहेब शुद्ध शाकाहारी. अंड्याच्या केकलाही विचारून हात लावणार. आणि दर सोमवारी क्लायंटच्या मोठ्या लोकांसमोर त्यांनाच रिपोर्ट द्यायचा असायचा.

एकदा मीटिंगमध्ये ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सुरमई आज सकाळपासून जरा मंद आहे, पण बांगडा उत्तम आहे."

पलीकडून क्लायंटच्या बाई म्हणाल्या, "मग आज बांगडाच घ्या ना!"

सगळी मीटिंग हसत होती. साहेबांनी तेवढं मिनिट्समध्ये लिहिलं, "क्लायंटचा बांगड्याला होकार."

*

त्या सुरमईचं प्रस्थ गोराईपर्यंत पोचलं होतं. मेल्विन घरी रोज तिच्याबद्दल बोलायचा. सुरमईला धाप लागलीय, सुरमईची एक बाजू गेली, लवकरच सुरमईचं मोठं काम आहे. आईने ते सगळं मनावर घेतलं आणि चर्चमध्ये जाऊन प्रार्थनेच्या यादीत नाव घातलं. आजारी माणसांच्या यादीत!

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी मेल्विनला गाठलं. "तुमची सुरमई आता कशी आहे? कुठल्या हॉस्पिटलात ठेवलीय?"

मेल्विन मला सोमवारी सांगत होता, "काय बोलू यार? मी बोललो, फादर, सध्या अंधेरीला आहे, थंड खोलीत ठेवलंय."

फादरांनी क्रूस केला म्हणे.

*

खालच्या गेटवर शुक्लाजी सिक्युरिटीला. त्यांच्यासारखी झडती विमानतळावरसुद्धा होत नसेल. माझी पर्स, मेल्विनची टोपी, सगळं उलटं करून बघणार. एकदा लिमये साहेबांची चष्म्याची डबी उघडून आतलं फडकंसुद्धा झटकलं होतं. कंपनीची साधी पिन बाहेर न्यायची तरी सहीचा गेटपास लागायचा.

फक्त एका वस्तूला शुक्लाजी हात लावायचे नाहीत. ती म्हणजे सावंत काकांची डब्याची पिशवी!

त्याला कारण होतं. पहिल्याच आठवड्यात शुक्लाजींनी नियमाप्रमाणे तो डबा उघडला. आत सुक्या बोंबलाची भाजी होती. शुक्लाजी दोन मिनिटं खांबाला धरून उभे होते. तेव्हापासून काका दिसले की नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "आप जाइए सावंतजी, जाइए, जाइए!"

वर जेवणाचे डबे न्यायला बंदी, म्हणून ती पिशवी दिवसभर शुक्लाजींच्या टेबलाशेजारच्या खुंटीवर लटकायची. ते खुर्ची दुसऱ्या टोकाला घेऊन बसायचे.

काका मला हळूच म्हणाले होते, "शलाका, ह्या पिशयेतसून मी आख्खो सर्व्हर भायर नेईन, ह्याका कळाचा नाय!"

*

आता सावंत वहिनी. काकांच्या बायकोचं एकच ब्रीद, घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. काकांची पाकिटं धुतली गेलीत, ऑफिसचं कार्ड तीनदा धुतलं गेलंय. शेवटी त्यावरचा फोटो उडाला आणि नुसती मिशी शिल्लक राहिली.

पण कळस झाला तो कीबोर्डचा. ऑफिसातला एक जुना कीबोर्ड काकांनी रीतसर गेटपास करून मुलासाठी घरी नेला. वहिनींनी बघितलं, बटणांच्या फटीत धूळ! त्यांनी एकेक बटण उपसलं, साबणाच्या पाण्यात घोळवलं, वाळवलं आणि परत बसवलं.

संध्याकाळी काका बघतात तर सगळी बटणं ए, बी, सी, डी अशी ओळीने!

वहिनी म्हणाल्या, "अवो, अक्षरां सगळी उलटीसुलटी लावलेली होती. मी सारखी करून ठेवलंय."

काकांनी तो कीबोर्ड आम्हाला दाखवायला परत आणला. मेल्विनने त्यावर स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं आणि पाच मिनिटांनी सोडून दिलं.

*

या सगळ्या गडबडीत ट्रायल चालूच होती. आधी बांगड्यावर करून बघायचं, जमलं की सुरमईवर. मी जुन्या डिस्कची नक्कल स्टोरेजच्या कपाटातल्या डिस्कवर उतरवली, सर्व्हरला सांगितलं की यापुढे सुरू होताना केबलच्या दाराने जा, आणि मनात गणपतीचं नाव घेऊन रीस्टार्ट केला.

कन्सोलवर ओळी धावायला लागल्या. आम्ही श्वास रोखून बघतोय. चार मिनिटांत लॉगिन!

"झकास!" मी ओरडले. सावंत काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा खाली पडला. लिमये साहेब चक्क पळत गेले आणि कोपऱ्यावरून गरम जिलेबी घेऊन आले. तेसुद्धा चेकलिस्टमध्ये नसताना! पहिल्याच झटक्यात उठला रे, पहिल्याच झटक्यात, असं प्रत्येकजण प्रत्येकाला सांगत होता.

अर्धी जिलेबी संपल्यावर मेल्विन स्टोरेजच्या खोलीतून आला. त्याच्या हातात केबलचं वेटोळं.

"काय पार्टी चाललीय? मला पण बोलवायचं ना यार," तो म्हणाला. "थांबा, नक्कल उतरल्यावर ही केबल बदलायला काढली होती, ती आधी लावून येतो, मग खातो."

आम्ही तिघं त्या केबलकडे बघत राहिलो. साहेबांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

झालं होतं असं की बांगड्याने नव्या दारावर जाऊन बघितलं, तिथे केबलच नाही, म्हणून तो गुपचूप परत फिरला आणि आपल्या जुन्या डिस्कवरूनच उठला. कुणाला न सांगता! त्या दिवसापासून लिमये साहेबांनी चेकलिस्टमध्ये लाल अक्षरात एक ओळ घातली. सर्व्हर उठल्यावर जुन्या डिस्क सर्वांसमोर बाहेर काढून दाखवणे.

*

पुढची ट्रायल केबल लावून, आणि जुन्या डिस्कवर आपोआप परत फिरायची सोय दोन्ही सर्व्हरांत बंद करून केली. तर बांगडा उठेचना. ह्यात दोष माझा होता, कबूल करते.

प्रत्येक सर्व्हरच्या मागे केबल लावायला दोन कार्डं असतात, एक डावं, एक उजवं. मी रॅकच्या मागे उभी राहून लेबलांवर "डावं", "उजवं" लिहिलं. सेटिंगच्या कागदावर डावं-उजवं मात्र पुढून बघून लिहिलेलं होतं. म्हणजे केबल एका कार्डात आणि बांगडा शोधतोय दुसऱ्याच कार्डावर!

आम्ही दोन तास डोकं फोडलं. मग साहेब हळूच म्हणाले, "जुन्या डिस्कवर परत आणूया का?" आणि आम्ही सगळ्यांनी अशा काही माना डोलावल्या, जसं कुणीतरी शाळा सुटल्याची घंटा दिली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. माझी चूक सापडली ती दुसऱ्या दिवशी, चहा पिताना.

त्यावर सावंत काका मात्र चिडले होते. "अजून अर्धा तास झुंजलो असतो तर चूक कालच गावली असती! त्या जुन्या डिस्क समोर होत्या ना, म्हणून पाय लटपटले तुमचे. रविवारी असा केलात तर गेली टीम."

 

*

आणि मग तो रविवार.

सकाळी दहाला मी सुरमई रीतसर बंद केली. मी आणि साहेब कन्सोलसमोर, मेल्विन स्टोरेजच्या खोलीत, सावंत काका सर्व्हरजवळ. साहेबांनी चेकलिस्ट मोठ्याने वाचली. शेवटची ओळ होती, "अडचण आल्यास जुन्या डिस्कवरून सुरू करणे." ती ओळ ऐकली आणि माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

अकराला पहिला प्रयत्न केला. सुरमईने उत्तर दिलं की सुरू होण्यासाठी डिस्क सापडत नाही.

साडेअकरा, तेच. बारा, तेच. मेल्विन शपथेवर सांगत होता की त्याच्या बाजूने सगळं ठीक आहे. कालच चालू सुरमईवरून मीच नक्कल त्या डिस्कवर उतरवली होती, म्हणजे केबलही बरोबर होती. मग अडतंय कुठे?  

दीड वाजता साहेब म्हणाले, "सावंत, जुन्या डिस्कवर परत जाऊया. पुन्हा तारीख मागू."

काका म्हणाले, "कोण देतंय तारीख? पंधरा मिनटां द्या."

दोन वाजता साहेब पुन्हा म्हणाले. काका पुन्हा म्हणाले, "पंधरा मिनटां."

अडीच वाजता साहेबांचा आवाज चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत चढ्या आवाजात ऐकलं नव्हतं. "सावंत, ही ऑर्डर आहे. जुन्या डिस्कवर सुरू करा!"

काका एक पाऊल हलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "शलाका, गो, रडतंस कित्याक? डोळे पूस आणि सांग माका. त्या दिवशीची तुझी ती डाव्या-उजव्याची चूक, ती सुरमईवर तू सुधारलंस मां?"

"सुधारली ना!" मी म्हटलं. "शुक्रवारी मागच्या दोन्ही लेबलांची मी अदलाबदल केली. केबल लेबल बघूनच लावलीय."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगो बाये," ते म्हणाले, "मी पण सुधारलंय! सेटिंगच्या कागदावर, शनिवारी!"

म्हणजे मी एकदा उलटं केलं, काकांनी पुन्हा उलटं केलं. दोन सुधारणा मिळून मूळचीच चूक परत जाग्यावर! सर्व्हर चालू असताना डिस्क कुठल्याही कार्डावर असली तरी सापडते, म्हणून काल कळलं नाही. सुरू होताना मात्र तो फक्त सांगितलेल्या दारावरच जातो.

मी सेटिंगमध्ये दार बदललं. घाईत दोनदा चुकीचं टाइप झालं. तीन वाजून पाच मिनिटांनी एंटर दाबला.

एक ओळ आली. मग दुसरी. मग ओळींची रांगच लागली! मेल्विन पलीकडच्या खोलीतून ओरडायला लागला, "वाचतेय! कपाटातून वाचतेय! दिवे नाचतायत इथे, ये बघ!" तीन वीसला लॉगिन आलं. साडेतीनला क्लायंटच्या बाईंचा फोन आला, पहिला रिपोर्ट निघाला म्हणून. कुणाचं तरी हिमोग्लोबिन! ज्या कुणाचं असेल त्याला शंभर वर्षं आयुष्य मिळो, असं मी खरंच मोठ्याने म्हणाले. मेल्विन आईला फोन करून सांगत होता, "मम्मा, सुरमई बरी झाली!" आणि सावंत काका भिंतीला टेकून नुसते हसत होते.

इतक्यात लिमये साहेबांनी घसा खाकरला. "अभिनंदन. आता चेकलिस्टमधली लाल ओळ. जुन्या डिस्क सर्वांसमोर बाहेर काढणे. मागच्या वेळी मी जिलेबी आणून फसलोय."

मी सुरमईसमोर गेले, पुढचं झाकण उघडलं. आत दोन्ही खण रिकामे!

"साहेब," मी म्हटलं, "डिस्क नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे?"

सावंत काका शांतपणे म्हणाले, "सकाळी धा वाजताच काढलंय मी. तू बंद केलंस, मी काढलंय. समोर दिसल्या असत्या तर बारा वाजताच परत घातल्या असत्यात तुम्ही."

माझं सगळं लक्ष दिवसभर नव्या डिस्कवर. जुन्या आहेत का नाहीत, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. साहेब खुर्चीत बसले. "मी तीनदा तुम्हाला परत फिरा म्हणालो. तीनदा! तेव्हा तुम्ही…"

"म्हणान तर पंधरा मिनटां मागी होतंय."

"आणि आत्ता त्या डिस्क आहेत कुठे?"

"खाली. चहाक म्हणान जावन माझ्या डब्याच्या पिशयेत घातलंय, शुक्लाजींनी नाक धरून तोंड फिरवला. तुम्ही सगळीकडे शोधलात असतात, पण तिथे कोण हात घालताहा?"

"गेटपासशिवाय?" साहेब एवढंच म्हणाले, आणि उठून जिन्याकडे धावले. आम्ही त्यांच्या मागे.

खाली शुक्लाजी प्रसन्न बसलेले. आज खुर्ची टेबलाला लागून होती. खुंटी रिकामी.

"शुक्लाजी, पिशवी कुठाय?"

"वो तो भाभीजी ले गयीं, एक बजे। मरोल में बहन के यहाँ आयी थीं। बोलीं, डब्बा दे दो, धोना है।"

एक वाजता! म्हणजे साहेब पहिल्यांदा "परत जाऊया" म्हणाले, तेव्हा त्या डिस्क दहिसरच्या रस्त्याला लागल्या होत्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर खांबासारखा उभा राहिलेला माणूस, त्याला फोनवर स्वतःच्या घरचा नंबर सापडेना. शेवटी मी लावला, स्पीकरवर टाकला.

"अगो, त्या डब्याच्या पिशयेत…" काकांनी सुरुवात केली.

"ता माका इचारूचा होता!" वहिनींचा आवाज आला, मागे नळ चालू. "अवो, ते दोन लोखंडी डबे कसले होते? सगळी तिरफळाची कढी सांडली होती त्यांच्यार, वास मारी होते नुसते! घासून, धुवन, ग्यालरीत उन्हात घातलंय. चकचकीत झालेत. पण झाकणां काय निघूक नाय हो, नायतर आतसून पण घासलंय असतंय!"